चार तळहातांवरची गाडी

भारी टायर टाकले की गाडी रस्त्याला चिकटून चालते, हे खरं आहे. पण कुठल्या रस्त्यावर, कुठल्या महिन्यात आणि किती दिवस? वाई-पाचगणी रोज ये-जा करणाऱ्या एका गाडीची ही गोष्ट.

"टायर धरतात गं, तू बस निवांत!"

पसरणी घाट उतरताना दादाचं हे वाक्य ठरलेलं असायचं. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. नोकरी पाचगणीत, घर वाईत. म्हणजे रोज सकाळी घाट चढायचा आणि संध्याकाळी उतरायचा. अंतर साधारण बारा किलोमीटर, पण त्यात वळणं किती ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली धोम धरणाचं पाणी. पर्यटक फोटो काढायला थांबतात आणि आपण हॉर्न वाजवत पुढे जातो.

दादाने सेकंडहँड हॅचबॅक घेतली आणि दिवाळीच्या बोनसमधून तिला सोळा इंची अलॉय आणि समर परफॉर्मन्स टायर टाकले. नुसत्या टायरचेच चाळीस हजार झाले. मावशीने डोक्याला हात लावला, "अरे, त्यात फ्रिज आला असता!" दादाचं उत्तर तयार होतं, "फ्रिज घाटात वळतो का?"

मी स्वतः स्कूटरवाली. टायर म्हणजे काळं, गोल आणि पंक्चर होणारं काहीतरी, एवढंच माझं ज्ञान. पण त्या गाडीत बसल्यावर फरक मलाही कळला. स्टिअरिंग जरा फिरवलं की गाडी लगेच वळायची. ब्रेक लावला की जागच्या जागी थांबायची. कोरड्या घाटात तर नाद करायचा नाही!

समर म्हणजे मे महिना नव्हे

या टायरना 'समर' का म्हणतात? आपल्याकडे आठ महिने समरच असतो. नाव आलंय थंड देशांतून. कॉलेजमधली माझी एक सीनियर जर्मनीत शिकते. तिकडे 'ओ ते ओ' असा सोपा हिशोब आहे. ऑक्टोबर ते ऑस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत, हिवाळी टायर आणि उरलेल्या दिवसांत उन्हाळी. कारण उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं आणि त्याची पकड कमी होते.

आपल्याला याची चिंता जवळजवळ नाहीच. महाबळेश्वरला वेण्णा लेक परिसरात थंडीत कधी कधी दवबिंदू गोठतात, तेवढ्या पहाटा सोडल्या तर आपल्याकडे उन्हाळी टायर बाराही महिने चालतात. म्हणजे 'समर' हा शब्द आपण सोडून देऊ. खरा मुद्दा 'परफॉर्मन्स'चा.

परफॉर्मन्स टायरचं रबर पकडीसाठी बनवलेलं असतं. ते सहसा मऊ असतं आणि रस्त्याच्या बारीक खडबडीतपणात रुतून बसतं, म्हणून धरतं. पण जे धरतं ते झिजतंही. पाटीवर मऊ खडू छान उमटतो आणि लवकर संपतोही, तसंच. टिकाऊ टायर हवा असेल तर पकड थोडी सोडायची, पकड हवी असेल तर आयुष्य सोडायचं. कंपन्या दोन्हीचा मेळ घालायचा प्रयत्न करतात, पण दोन्ही पैकीच्या पैकी कुणालाच मिळत नाहीत.

टायरवरचं गणित

टायरच्या अंगावर त्याची सगळी कुंडली लिहिलेली असते. उदाहरणार्थ '१८५/६५ आर १५'. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचात.

दादाने त्याजागी टाकले '१९५/५५ आर १६'. भिंत झाली १०७ मिलिमीटर. गंमत म्हणजे चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहते, त्यामुळे स्पीडोमीटरही फसत नाही. पण रिम मोठा झाला आणि रबराची भिंत १३ मिलिमीटरने बुटकी झाली. बुटकी भिंत वळणावर कमी लवते, म्हणून गाडी चपळ वाटते. पण खड्ड्यात गेल्यावर धक्का खायला असते तीच भिंत!

पहिला हप्ता भरावा लागला तो गाळपाच्या हंगामात. उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना चाक डांबराच्या कडेवरून खाली गेलं आणि 'टक्' असा आवाज आला. दुसऱ्या दिवशी टायरच्या भिंतीवर लिंबाएवढा फुगा. टायरवाल्या काकांनी बोट लावून बघितलं आणि मान हलवली. "आतली दोरी तुटली बघ. ह्याला पंक्चर काढून भागत न्हाय. उद्या हायवेला फुटलं म्हंजे?" नवा टायर घ्यावाच लागला. तेव्हापासून दादा प्रत्येक स्पीडब्रेकरवर गाडी अशी चढवायचा, जणू आत अंड्यांचे ट्रे ठेवलेत.

आणि मग दुसरा पावसाळा

आता महत्त्वाचं. परफॉर्मन्स टायर पावसात वाईट असतात, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नवे असताना चांगले परफॉर्मन्स टायर ओल्या रस्त्यावरही झकास थांबतात. दादाचा पहिला पावसाळा तसाच गेला. महाबळेश्वर म्हणजे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. वाई डोंगराच्या अलीकडे, तिथे पाऊस त्या मानाने कितीतरी कमी. एकाच रस्त्यावर खाली भुरभुर आणि वर धो-धो, असं रोजचं. पण टायरने एकदाही दगा दिला नाही. आणि तिथेच 'टायर धरतात' हे वाक्य जन्माला आलं.

दुसऱ्या वर्षी जूनची सुरुवात. मी आणि मावशी पाचगणीहून त्याच्याबरोबर खाली येत होतो. पहिलीच सर पडून गेलेली, मातीचा वास, काचा उघड्या. दादाचा वेग नेहमीचाच. एका वळणावर त्याने स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळलीच नाही. सरळ गेली. रस्त्याची मधली पट्टी ओलांडून पलीकडे. समोरून एसटी येत होती. तिच्या ड्रायव्हरने आधीच वेग कमी केलेला होता म्हणून ती थांबली. आम्ही थांबलो ते कठड्यापासून हातभर अंतरावर.

कुणीच काही बोललं नाही. एसटीच्या ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. शिव्या येणार असं मला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "हळू रं बाबा. पहिला पाऊस हाय." मागच्या सीटवर मावशी डोळे मिटून बसली होती.

नेमकं झालं काय?

दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली रस्त्याची. आठ महिने रस्त्यावर धूळ, सांडलेलं डिझेल, ऑइल आणि टायरची झिजलेली भुकटी साचलेली असते. पहिली हलकी सर ते धुऊन नेत नाही, नुसतं कालवते. त्यावर पातळ, निसरडा थर तयार होतो. मुसळधार पावसाने रस्ता धुतला गेल्यावर तो थर कमी होतो. म्हणून पहिला पाऊस सगळ्यात फसवा.

दुसरी टायरची. दुसऱ्या दिवशी काकांनी खाचांत मोजपट्टी घातली. नव्या टायरच्या खाचा साधारण ८ मिलिमीटर खोल असतात. दादाच्या पुढच्या टायरच्या उरल्या होत्या ३. बावीस हजार किलोमीटर झाले होते. मऊ रबर, रोजचा घाट आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी, म्हणजे वळायचं, ओढायचं आणि ब्रेकचा जास्त भार घ्यायचा, सगळं त्याच दोन चाकांनी. टायर तेच होते, पण गेल्या वर्षीचे राहिले नव्हते. दादाचा वेग मात्र गेल्या वर्षीचाच होता.

इथे एक छोटं गणित करून बघा. गाडी समजा १००० किलोची. एका चाकावर सरासरी २५० किलो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो. २५० ला २.२५ ने भागा. उत्तर येतं सुमारे १११ चौरस सेंटिमीटर. म्हणजे एक चाक रस्त्याला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढं! अख्खी गाडी, आतली माणसं, म्युझिक सिस्टीम, सगळं काही चार तळहातांवर. रुंद टायर टाकला तरी हा तळहात फारसा मोठा होत नाही. हवा तेवढीच असेल तर तो आडवा पसरतो आणि पुढे-मागे आखूड होतो.

त्या तळहाताखालचं पाणी बाहेर काढायला खाचा असतात. फॉर्म्युला वनमध्ये पाऊस आला की टायर बदलतात ते याचसाठी. पिरेलीचा पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटर वेगाला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. आपल्या खाचा उथळ झाल्या की पाण्याला जायला वाट उरत नाही. घाटात वेग कमी म्हणून तिथे चिखल-तेलाचा थर घात करतो. पण सुरूरकडच्या सरळ रस्त्यावर साचलेल्या पाण्यात वेगाने गेलात तर टायर चक्क पाण्यावर तरंगतो. तेव्हा स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. अशा वेळी जोरात ब्रेक दाबायचा नाही, झटकाही द्यायचा नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा आणि स्टिअरिंग सरळ धरायचं. टायर पुन्हा टेकला की गाडी तुमच्या हातात येते.

कायदा काय म्हणतो, आपण काय करायचं?

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ नुसार कारच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर आणि दुचाकीच्या ०.८ मिलिमीटर खोल हव्यात. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की विषय संपला. पण हा कायद्याचा तळ आहे. घाट आणि पावसाळा दोन्ही नशिबात असतील तर ३ मिलिमीटरलाच बदलायचा विचार सुरू करा, असं काका सांगतात. दादाला त्यांनी तसंच सांगितलं.

आणि हे फक्त कारवाल्यांसाठी नाही. पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. गुळगुळीत झालेली मागची चाकं किती दिसतात ते मोजा. दीडशे सीसीच्या बाइकला लुकसाठी जाड टायर टाकणारेही भेटतील. अरुंद रिमवर जाड टायर चढवला की त्याचा आकार चेपतो आणि बाइक वळायला जड होते. दिसायला डौल, चालवायला डोकेदुखी.

तर मग मे संपायच्या आत एवढं करा:

• खाचा बघा. आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही कडांना. एकच बाजू झिजली असेल तर अलाइनमेंट गडबडलंय.

• टायरवर लंबगोलात चार अंक असतात. '२३२२' म्हणजे २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. रबर न वापरताही म्हातारं होतं. 'नवा आहे' म्हणून जुना माल गळ्यात पडू देऊ नका.

• स्वस्तात मिळतो म्हणून खाच मारलेला टायर घेऊ नका. झिजलेल्या टायरला ब्लेडने नव्या खाचा पाडतात. दिसतो नवा, पण आतलं रबर गेलेलं असतं.

• हवा गाडी थंड असताना तपासा. आकडा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, पंपावरच्या माणसाच्या अंदाजात नाही.

• मोठा रिम हवाच असेल तर आपल्याच गाडीच्या सगळ्यात वरच्या मॉडेलला कंपनी जे माप देते, त्याच्या पुढे जाऊ नका.

दादाने पुढे काय केलं? महिनाभर गाडी कमी आणि एसटी जास्त वापरली. मग जुने पंधरा इंची रिम माळ्यावरून काढले आणि त्यावर साधे, रोजच्या वापराचे टायर टाकले. खोल खाचांचे, जाड भिंतीचे. मी विचारलं, "मजा येते का रे?" तो खरं बोलला. "नाही येत. ते टायर भारीच होते. पण त्यांचा हिशोब ठेवायला लागतो, आणि मी ठेवला नाही."

मावशी अजून त्याच्या गाडीत बसते. तिला ब्रँड माहीत नाही, माप माहीत नाही. पण जून लागला की दार उघडायच्या आधी ती चाकाशी वाकते, खाचेत बोट घालून बघते आणि मगच आत बसते.