कैद्यांवर कैद्यांचाच पहारा

प्रियदर्शनचा ‘कालापानी’ हा मल्याळम चित्रपट १९९६ साली पडद्यावर आला. मोहनलालचा गोवर्धन हा तरुण डॉक्टर रेल्वेतील बॉम्बस्फोटाच्या खोट्या आरोपाखाली पकडला जातो आणि अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये येऊन पडतो. मागे त्याची पार्वती, म्हणजे तब्बू, वाट पाहत राहते. संतोष सिवनचे छायाचित्रण आणि साबू सिरिलचे कलादिग्दर्शन यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले, ते सर्वस्वी योग्यच होते.

मराठी प्रेक्षकाला यातले बरेच काही आधीच ठाऊक असते. अन्नू कपूरने साकारलेले सावरकर १९११ च्या जुलैत या तुरुंगात आले. थोरले बंधू बाबाराव त्यांच्याआधीच तेथे पोचले होते. त्यांचे ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्याला कोलू, छिलका, दंडाबेडी समजावून सांगावी लागत नाही. कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला, जुंपलेल्या कैद्याने दिवसाकाठी ३० पौंड खोबरेल गाळायचे, नाही तर शिक्षा भोगायची. १९१२ मध्ये राजबंदी इंदुभूषण रॉय यांनी कोठडीत गळफास घेतला आणि त्यांचे सहबंदी उल्लासकर दत्त यांचे मन ढासळले, ते याच छळापायी.

चित्रपटात या छळाला दोन चेहरे आहेत: जेलर डेव्हिड बारी आणि अमरीश पुरीने रंगवलेला पहारेकरी मिर्झा खान. गोवर्धन अखेर दोघांनाही ठार करतो. प्रत्यक्षात बारीचा असा शेवट झाला नाही. पण प्रेक्षकाचा संताप कुठेतरी फेडावा लागतो, हे समजू शकते. माझी तक्रार वेगळी आहे. क्रूर माणसे मेली की क्रौर्य संपले, असे वाटायला लावणारी ही मांडणी वसाहतीचे खरे यंत्र झाकून टाकते.

ते यंत्र सेल्युलर जेलपेक्षा जुने होते. १८५७ चा उठाव चिरडल्यावर, १८५८ च्या मार्चमध्ये डॉ. जे. पी. वॉकर २०० कैद्यांना घेऊन अंदमानात उतरला. जंगल कैद्यांनी तोडले, रस्ते त्यांनीच केले. मध्यवर्ती मनोऱ्याभोवती सात तिमजली इमारती आणि जवळपास ७०० एकान्त कोठड्या असलेला तुरुंगही १८९६ ते १९०६ या काळात कैद्यांच्याच श्रमातून उभा राहिला.

राखणही त्यांच्याकडेच. वॉर्डर, पेटी ऑफिसर, टिंडाल, जमादार हे सारे जन्मठेपेचेच कैदी. मुकादमी मिळाली की कोलू सुटे, हातात दांडा येई; दुसऱ्याला राबवण्यात कुचराई केली की पुन्हा खाली. मूठभर गोऱ्या अधिकाऱ्यांना हजारो माणसे ताब्यात ठेवता आली, त्याचे मर्म या उतरंडीत आहे. मिर्झा खान त्या उतरंडीवरची एक पायरी होता. तो गेला असता तर दुसरा लगेच नेमला गेला असता.

तुरुंगाबाहेरच्या टापूवरही हीच रीत होती. ठरावीक वर्षे नीट वागलेल्याला तुरुंगाबाहेर राहण्याचे तिकीट मिळे. मग तो शेती करी, परवानगीने कैदी स्त्रीशी लग्न लावी, घर मांडी. मात्र बेट सोडू शकत नसे. त्यांची मुलेबाळे आज ‘लोकल बॉर्न’ म्हणून ओळखली जातात. १९२१ च्या मलबारमधील बंडानंतर आणलेल्या मापिळ्यांनी मंजेरी, कालिकत ही आपल्या मुलखातली नावे इथल्या गावांना दिली. केरळच्या दिग्दर्शकाला ही कथा किती जवळची ठरली असती!

सेल्युलर जेल १९७९ साली राष्ट्रीय स्मारक झाले. क्रांतिकारकांची नावे तेथे कोरली आहेत आणि ती हवीतच. पण चोरी, दरोडा, खून यांसाठी आलेल्या ज्या हजारोंनी हे बेट राबून उभारले, त्यांच्याशिवाय राजबंद्यांची कहाणीही अर्धीच राहते. माणसालाच माणसाचा पहारेकरी करणारी ही व्यवस्था सावरकरांनी, बारींद्र घोषांनी आतून पाहिली आणि लिहून ठेवली. पडद्याने ती मांडायची अजून बाकी आहे. अंदमानवरचा पुढचा चित्रपट जो कोणी करील, त्याने बारीला मारण्याची घाई करू नये. बारीला एवढे हात कोठून मिळाले, ते दाखवावे.