अंगावर पित्त आणि ताटात क्रॅनबेरी

अंगावर गांधी उठल्या की आपल्याकडे ‘पित्त उठलं’ म्हणतात आणि आमसुलाचं पाणी चोळतात. भिवंडीतल्या आजीबाईही हेच सांगतील. या गांधींमागचं मुख्य रसायन म्हणजे हिस्टामिन. ते आपलं शरीर तयार करतंच, शिवाय अन्नातूनही पोटात येतं. आतड्यातलं डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर त्याचा निचरा करतं. ते कमी पडलं, तर चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, नाक चोंदतं, जुलाब होतात. याला म्हणतात हिस्टामिन न सोसणं.

मग अशा माणसानं क्रॅनबेरी खावी का? प्रथिनयुक्त पदार्थ शिळा झाला, आंबला, मुरला, की जंतू त्यात हिस्टामिन तयार करतात. बर्फाविना राहिलेला बांगडा हे याचं ठळक उदाहरण. तो कितीही शिजवला तरी हिस्टामिन जात नाही. ताज्या फळांत ते सहसा कमीच असतं, क्रॅनबेरीतही. तरीही पथ्याच्या याद्यांत क्रॅनबेरीविषयी एकमत नाही.

आपल्याकडे मिळते ती बहुतेक सुकवलेली, साखरेत घोळवलेली. सुकामेव्यात कधी सल्फाइट घालतात आणि काहींना त्याचाच त्रास होतो. म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. आणि वैशाखात पाटीतून विकायला येणारं करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे. ते कण्हेरीच्या कुळातलं. एकाचा अनुभव दुसऱ्याला लावू नका.

त्रास शमलेला असताना चार दाणे खाऊन पाहा. त्या दिवशी दुसरं नवं काही नको. काय झालं ते वहीत लिहा. वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. क्रॅनबेरीनं काही स्त्रियांना वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्ग टाळायला मदत होते. झालेला संसर्ग त्यानं बरा होत नाही.

या विकाराचं खात्रीनं निदान करणारी एकच अशी तपासणी नाही. त्यामुळे माणसं भीतीपोटी आज टोमॅटो, उद्या वांगं, परवा मासे सोडतात. ताट रिकामं होतं, अशक्तपणा येतो, दुखणं तिथंच राहतं. पथ्य थोड्या आठवड्यांचं, तेही आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. मग एकेक पदार्थ परत आणायचा.

एक मात्र लक्षात ठेवा. खाल्ल्यावर ओठ-जीभ सुजली, श्वास अडला, तर वही नको, आमसूलही नको. थेट रुग्णालय गाठा.