ओढणाऱ्या गाडीचे सांधे

पळस्पे फाट्यावरून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने पुढे निघालं की कोन गाव लागतं. गोव्याकडची आणि जेएनपीटी बंदराकडची वाहतूक मागे फाट्यावर फुटते, २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग जवळूनच जातो आणि पुढे खोपोलीनंतर बोरघाट उभा. अशा रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्या हलवायला टोइंगची पिकअप लागतेच. पिकअपच्या मागे बूम आणि हूक बसवला की गाडी तीच राहते, तिच्या पोटाखालच्या सांध्यांचं आयुष्य मात्र पार बदलतं.

इंजिनाची ताकद क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, डिफरन्शियल आणि एक्सल अशा वाटेने चाकाला मिळते. शाफ्ट चाकाच्या साधारण चौपट वेगाने फिरतो. ताशी ६० किलोमीटरला त्याचे मिनिटाला १,९०० च्या आसपास फेरे होतात. त्याच्या दोन्ही टोकांच्या सांध्यांत क्रॉस असतात : चार टोकं, चार कप आणि कपात बारीक सुया. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर यांनी १९०३ मध्ये मोटारीसाठी बंदिस्त सांध्याचं पेटंट घेतलं. त्याआधी बऱ्याच मोटारींना चाकापर्यंत साखळीच लागे.

बिघाड ओळखायचा तो आवाजावरून. गिअर टाकताना किंवा क्लच सोडताना ‘खट्ट’ झालं तर आधी क्रॉसचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघावा. हळू वेगात चिवचिव ऐकू आली तर कपातलं ग्रीस सुकलंय. निघताना गाडी थरथरली तर शाफ्टच्या मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर तपासावं. धडधड ठरावीक वेगालाच येते आणि गिअर बदलून इंजिनाचे फेरे कमी केले तरी जात नाही, तेव्हा दोष शाफ्टकडे. रेस दिल्यावर हूं-हूं वाढून सोडल्यावर बदललं तर डिफरन्शियलमधले क्राउन-पिनियन, आणि वळणावर एका बाजूला भार गेल्यावर वाढलं तर चाकाचं बेअरिंग. गाडी वर घेऊन शाफ्ट हाताने पिळण्याआधी मालकाला शेजारी बसवून एक फेरी मारणारा मेकॅनिक मला खरा जाणकार वाटतो.

क्रॉस खोलण्याआधी फ्लँजवर खूण करतात, मग चार बोल्ट, मग लॉक. कप निघाला की आत लाल भुकटी दिसते. पाणी शिरलं, ग्रीस गेलं, लोखंड गंजलं. टोकावर बोट फिरवलं तर सुयांनी पाडलेल्या उभ्या चऱ्या नखाला लागतात. नवा कप बसवताना एक सुई आडवी पडली तरी लॉक खाचेत जात नाही, आणि तिथे हातोडा चालवला की नवा क्रॉस बसवतानाच संपला. शाफ्टचे दोन भाग जोडताना त्यांच्यावरच्या खुणांचा बाणासमोर बाण आलाच पाहिजे. तिरक्या सांध्यातून फिरताना शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा घटतो. दोन्ही टोकांचा तिरकेपणा सारखा असेल आणि खुणा जुळल्या असतील तरच ही घट-वाढ एकमेकांत जिरते.

टोइंगच्या गाडीत हाच हिशेब बिघडतो. हुकाचा भार मागच्या एक्सलच्याही मागे लटकतो. स्प्रिंगचे पाटे बसतात, चढावर जोर लागला की पिनियनचं तोंड वर उचललं जातं आणि मागचा क्रॉस पुढच्यापेक्षा जास्त वाकून फिरतो. म्हणून अशा गाडीला दर थोड्या महिन्यांनी नवा क्रॉस लागत असेल तर क्रॉसच्या कंपनीला नावं ठेवू नयेत. पाट्यांची कमान भरून घ्यावी, बुश आणि यू-बोल्ट बघावेत, गिअरबॉक्सचं माउंटिंग बघावं. जादा पाटा घालणं हा सगळ्यांचा आवडता इलाज. पण तो जास्त झाला तर रिकाम्या गाडीत मागची बाजू उंच राहते आणि तिरकेपणा उलट्या बाजूने बिघडतो. पाटा वाढवल्यावर तिरकेपणा मोजायलाच हवा, यात मला तडजोड मान्य नाही.

डिफरन्शियलला घाई अजिबात चालत नाही. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घासून जुळवलेले असतात, म्हणून बदलायचे तेही जोडीनेच. दातांवर रंग लावून पट्टा कुठे उमटतो ते बघायचं, प्ले डायल गेजवर मोजायचा. नुसतं सील गळतं म्हणून पिनियनचा नट खोलून अंदाजाने आवळला तर काही दिवसांत बेअरिंग ओरडायला लागतं.

ओढल्या जाणाऱ्या गाडीलाही हे सगळं लागू आहे. मागच्या चाकांवर चालणारा ट्रक पुढून उचलला तर मागची चाकं गिअरबॉक्सचा मेन शाफ्ट फिरवत राहतात. खालची गिअरची रांग मात्र उभी असते, ऑइल उडत नाही आणि वरची बेअरिंगं कोरडी जळतात. म्हणून लांब ओढायचं तर आधी शाफ्टचा जॉइंट खोलून तो चॅसिसला बांधतात किंवा दोन्ही एक्सल बाहेर ओढतात. एक्सल काढले असतील तर हबच्या तोंडाला झाकण लावायचं, नाहीतर ऑइल गळून ब्रेकपर्यंत जातं.