थकलेल्या खात्यानंतर

२०२० च्या टाळेबंदीत लोणावळ्याचे बंगले रिकामे पडले, चिक्कीच्या दुकानांचा गल्ला आटला. काही महिने हप्ते पुढे ढकलले गेले, पण व्याज चढतच राहिलं. तेव्हा थकलेल्या खात्यांच्या नोंदी आजही पाठ सोडत नाहीत. त्या नोंदींपेक्षा त्यांच्याभोवतीचे समज माणसाला अधिक खोलात नेतात.

गैरसमज : २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेखाली अर्ज केला की सुटका.
त्या संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आजवर फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनाच लागू झाला आहे. कामशेतच्या दुकानदाराला आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदाच लागू आहे आणि त्याचा अर्ज पुण्याच्या जिल्हा न्यायालयात जातो. त्यातून मुक्तता मिळाली, तरी सरकारी देणी आणि फसवणुकीतून झालेली देणी सुटत नाहीत.

गैरसमज : कर्ज थकलं की बँक शेतही विकणार.
न्यायालयात न जाता तारण विकण्याचा अधिकार बँकेला देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागू नाही. मात्र मावळात बंगल्यांसाठी कितीतरी शेतं एनए (बिगरशेती) झाली आहेत. तसा प्लॉट तारण असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. नोटीस आल्यावर देणं भरायला ६० दिवस असतात, ते घाबरून वाया घालवू नका.

गैरसमज : सेटलमेंट केली, म्हणजे खातं स्वच्छ झालं.
पुष्कळ माणसं इथेच फसतात. तडजोडीत बँक काही रक्कम सोडते आणि सिबिलच्या पत अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. पुढचा अधिकारी तो वाचतो आणि फाइल बाजूला ठेवतो. पूर्ण फेडलेल्या खात्यावर ‘क्लोज्ड’ लिहिलेलं असतं. पुढे हात मोकळा झाला, तर सोडलेली रक्कम भरा, बेबाकी दाखला घ्या आणि शेरा बदलण्यासाठी बँकेला लेखी अर्ज द्या. पैसे घेऊन सिबिल ‘साफ’ करून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. ती ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

गैरसमज : बँकेची दारं बंद झाली, आता सावकारच.
विनापरवाना सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानुसार पंधरा वर्षांपर्यंतच्या व्यवहारात ती परत मिळवता येते. त्यासाठी सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. आणि बँकेचं दार कायमचं बंद झालेलं नसतं. छोटी मुदत ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, मर्यादेचा थोडाच भाग वापरा आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरा. आता सिबिलकडे नोंदी निदान दर पंधरवड्याला जातात, त्यामुळे सुधारणाही लवकर दिसू लागते.

तारण कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत करणं बँकेवर बंधनकारक आहे. तिच्यामुळे उशीर झाला, तर दिवसाला ५,००० रुपये मिळतात. मग बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे जा आणि फेरफार नोंदवून सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्या. हे काम आपणहून होत नाही.