सासरच्या वाटेवर सरकारी कुलूप

लेकीने माहेरी कधी जायचे आणि किती दिवस राहायचे, हे पूर्वी सासू ठरवीत असे. दिवाळीला भाऊ न्यायला यायचा, ओसरीवर बसून राहायचा आणि सासूबाईंच्या तोंडून 'जा' निघाले तरच बहिणीची पिशवी भरली जायची. माहेरची वाट अवघड, सासरची मात्र सदा उघडी, अशीच आपल्या आयाबायांची समजूत होती.

२०२० साली उलटे घडले. माहेरी गेलेल्या काही सुना सासरी परत येऊ शकेनात. घरी सासू वाट पाहत होती, नवरा रोज फोन करीत होता, मुले 'आई कधी येणार' म्हणून विचारीत होती. वाट अडवून उभे होते ते सरकार. या सुना परदेशी नागरिक होत्या, एवढेच कारण.

करोनाच्या साथीत हाल कोणाचे झाले नाहीत? शेकडो मैल पायी चालत गेलेले मजूर आपण पाहिले. त्यांच्यापुढे विमानाने जाणाऱ्यांचे दुःख काय सांगता, असे कोणी म्हणेल. पण आता आपल्या वस्त्यांतली मुलेमुलीही शिकून परदेशी जातात. तेथे नोकऱ्या धरतात, मने जुळतात, लग्ने होतात. ज्या आईने चार घरची भांडी घासून मुलाला शिकवले, तिच्या घरी आज परदेशी सून येऊ शकते. म्हणून हा विषय कुटुंबाच्या पानावर घेण्याचा आहे. त्या दिवसांत काय घडले आणि त्यातून आपण काय शिकायचे, ते पाहू.

१३ मार्चची संध्याकाळ

समजा, पुण्यातल्या एका घरात जर्मन सून आहे. तिची आई आजारी पडली म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये ती माहेरी गेली. महिनाभराने परत येण्याचे तिकीटही तिने काढून ठेवले आहे. अशा बाईपुढे काय वाढून ठेवले होते?

११ मार्च २०२० रोजी भारत सरकारने जाहीर केले की, आधी दिलेले जवळजवळ सर्व व्हिसा स्थगित होत आहेत. १३ मार्चला आपल्याकडच्या साडेपाच वाजल्यापासून हा हुकूम लागू झाला. वगळले कोणाला? राजनैतिक आणि सरकारी अधिकारी, संयुक्त राष्ट्रसंघ व आंतरराष्ट्रीय संस्थांचे लोक, तसेच नोकरीच्या आणि प्रकल्पाच्या व्हिसावर येणारे. भारतीयाची बायको किंवा नवरा म्हणून जो 'प्रवेश व्हिसा' मिळतो, त्याचे नाव या यादीत नव्हते. म्हणजे कारखान्यात यंत्र बसवायला येणाऱ्या परदेशी इंजिनिअरला त्या दिवशी वाट मोकळी, आणि स्वतःच्या घरी, स्वतःच्या मुलांकडे येणाऱ्या सुनेला मनाई!

ज्यांच्याजवळ 'ओसीआय' कार्ड होते त्यांचे तरी निभावले का? ओसीआय म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया. नावात सिटिझन असले तरी हे नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. मात्र व्हिसाशिवाय केव्हाही भारतात येण्याची सोय हा या कार्डाचा मोठा फायदा. लोक त्याला जन्माचा व्हिसाच समजत. तीच सोय १३ मार्चपासून स्थगित झाली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. जे परदेशी लोक त्या वेळी भारतात होते त्यांचे व्हिसा चालू राहिले. जो आत होता तो आतच राहू शकत होता. जो आईच्या आजारपणासाठी, बहिणीच्या लग्नासाठी किंवा बापाच्या अंत्यविधीसाठी बाहेर गेला, तो बाहेर राहिला. माणुसकीचे कर्तव्य करायला गेलेल्यांनाच त्याची किंमत मोजावी लागली.

२२ मार्चपासून तर परदेशांतून येणारी प्रवासी विमानेच बंद झाली. तेव्हा भारतीय नागरिकही अडकले. ७ मे रोजी 'वंदे भारत' मोहिमेची विमाने सुरू झाली आणि तेथून भेद उघडा पडला. नवरा भारतीय असेल तर त्याला जागा, बायको परदेशी असेल तर तिला नाही.

आईबापांना जागा, बाळाला नाही

या भेदाचा सर्वांत कठोर घाव बसला तो लहान मुलांवर. अमेरिकेत नोकरीला गेलेल्या अनेक भारतीय जोडप्यांची मुले तेथे जन्मली आणि तेथल्या कायद्याने अमेरिकेची नागरिक झाली. मे २०२० मध्ये नोकरी गेलेली अशी जोडपी गावी परतायला निघाली. आई भारतीय, बाप भारतीय, दोघांना विमानात जागा. कडेवरच्या बाळाजवळ मात्र अमेरिकेचा पासपोर्ट आणि भारताचे ओसीआय कार्ड. त्याला प्रवेश नाही. बाळाला कोणाजवळ ठेवून यायचे होते, हे हुकूम काढणाऱ्यांनी सांगितले नव्हते.

याचा गवगवा झाला. वर्तमानपत्रांनी बातम्या दिल्या, लोकांनी अर्ज-विनंत्या केल्या. अखेर २२ मे २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने चार प्रकारच्या ओसीआय कार्डधारकांना मोकळीक दिली. भारतीय आईबापांची परदेशी जन्मलेली अज्ञान मुले. कुटुंबात मृत्यूसारखा प्रसंग ओढवलेले लोक. ज्या जोडप्यात एक भारतीय व एक ओसीआय कार्डधारक आहे आणि ज्यांचे कायमचे घर भारतात आहे ते. आणि ज्यांचे आईबाप भारतात राहणारे भारतीय नागरिक आहेत असे विद्यापीठातले विद्यार्थी.

म्हणजे १३ मार्चनंतर सत्तर दिवसांनी सरकारने मान्य केले की, नवरा-बायकोचे घर एकच असते. तेही फक्त कार्ड असणाऱ्यांसाठी. साध्या प्रवेश व्हिसावरच्या सुना-जावयांचे नाव या यादीत नव्हतेच. पुढे टप्प्याटप्प्याने सवलती मिळत गेल्या. पर्यटक सोडून इतर परदेशी नागरिकांना आणि सर्व ओसीआय कार्डधारकांना येण्याची सरसकट परवानगी मिळाली ती ऑक्टोबर २०२० मध्ये. तोवर सात महिने उलटले होते. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमाने तर २७ मार्च २०२२ रोजी सुरू झाली.

आपल्या लेकी तिकडे परदेशी

हे वाचून कोणी फक्त आपल्या सरकारला बोल लावू नये. आपण ज्यांना परदेशी म्हणतो त्यांच्या देशात आपल्या लेकीबाळी परदेशीच असतात. त्यांनाही हाच अनुभव आला.

अमेरिकेच्या भारतातील कचेऱ्यांनी मार्च २०२० च्या मध्यापासून व्हिसाचे नेहमीचे काम थांबवले. नवऱ्याच्या नोकरीवर अवलंबून असलेल्या बायकांना 'एच-४' नावाचा व्हिसा मिळतो. त्यावर मुंबई, पुणे, नागपूरच्या कितीतरी लेकी तिकडे नांदत आहेत. व्हिसाची मुदत संपत आली की माहेरी यायचे आणि येथल्या कचेरीतून पासपोर्टवर नवा शिक्का घेऊन परत जायचे, ही त्यांची रीत. त्या वर्षी आल्या त्या अडकल्या. त्यातच २२ जून २०२० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी फर्मान काढले. जे देशाबाहेर आहेत आणि ज्यांच्याजवळ चालू व्हिसा नाही, अशा नोकरदारांना व त्यांच्या कुटुंबीयांना वर्षअखेरपर्यंत नवा प्रवेश नाही! अमेरिकन नागरिकाची बायको, नवरा किंवा मूल यांना त्यातून सूट होती. पण अमेरिकन नागरिक असलेल्या बाळाच्या आईला नव्हती. बाळ जाऊ शकत होते, आई नाही. ऑगस्टमध्ये काही सवलती आल्या, मूळ फर्मान मात्र वाढवले गेले आणि ३१ मार्च २०२१ रोजी संपले.

जपानने ३ एप्रिल २०२० पासून ७३ देश व प्रदेशांतून येणाऱ्या परदेशी लोकांना बंदी केली. पुढे मे महिन्यात त्या यादीत भारतही आला. बंदी लागू झाल्यावर जे त्या देशांत गेले, त्यांत जपानी माणसांशी लग्न करून वर्षानुवर्षे तेथे राहणारेही आले, त्यांना परतणे जवळजवळ अशक्य झाले. जपानी नागरिकाला मात्र तपासणी करून घरी जाता येत होते. म्हणजे विमानतळापर्यंत नवरा-बायको बरोबर आली, तरी पुढे एकटा नवराच जाणार. तेथे राहण्याचा परवाना असलेल्या सर्व परदेशी लोकांना परतण्याची वाट मिळाली ती १ सप्टेंबरपासून. नवऱ्याच्या अंगावरचा विषाणू आणि बायकोच्या अंगावरचा विषाणू यांत पासपोर्टवरून फरक पडतो काय?

युरोपात स्वित्झर्लंडचे क्रॉयझलिंगेन आणि जर्मनीचे कॉन्स्टान्झ ही गावे एकमेकांना लागून आहेत. मधली सीमा एरवी कोणाच्या ध्यानातही येत नसे. मार्च २०२० मध्ये तेथे तारेचे कुंपण उभे राहिले. जोडपी कुंपणाच्या दोन बाजूंना उभी राहून जाळीतून बोटे धरू लागली, तेव्हा काही अंतरावर दुसरे कुंपण घातले गेले, हात पोचू नयेत म्हणून. मे महिन्याच्या मध्यात ती कुंपणे निघाली.

नागरिक आणि व्यक्ती

साथ रोखण्यासाठी सीमा बंद करू नये, असे आमचे म्हणणे नाही. माणसे मरत होती आणि प्रत्येक सरकारला काहीतरी करणे भाग होते. परतणाऱ्याची तपासणी करा, चौदा दिवस वेगळे ठेवा, खर्च घ्या. हे सारे रास्तच. प्रश्न आहे तो निवडीचा. कोणाला आत घ्यायचे हे ठरवताना नोकरी मोजली गेली, संसार मोजला गेला नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडवलेल्या आपल्या संविधानात दोन शब्द जाणीवपूर्वक वेगळे वापरले आहेत. देशात कोठेही फिरण्याचा व राहण्याचा हक्क देणारे १९ वे कलम 'नागरिकां'साठी आहे. जीविताचे व व्यक्तिगत स्वातंत्र्याचे रक्षण करणारे २१ वे कलम 'व्यक्ती'साठी आहे, मग ती कोणत्याही देशाची असो. १९७८ साली मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेश प्रवासाचा हक्क या २१ व्या कलमात येतो असे म्हटले. पण १९९१ साली बेल्जियमच्या लुई द रेड्ट यांच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, परदेशी व्यक्तीला २१ वे कलम लागू असले तरी येथे वस्ती करून राहण्याचा हक्क तिला नाही. म्हणजे वीस वर्षे येथे संसार केलेली सूनही, नागरिकत्व घेतले नसेल तर, कायद्याच्या लेखी सरकारच्या परवानगीने राहिलेली पाहुणी ठरते. एरवी हे कोणाला जाणवत नाही. साथीने जाणवून दिले.

आमच्या मते यात एक सुधारणा व्हायला हवी. पुढे असा प्रसंग आला तर भारतीयाचा जोडीदार आणि अज्ञान मूल यांना परतण्याची मुभा पहिल्याच हुकुमात असावी. सत्तर दिवसांनी देण्याची ती सवलत नसावी.

कागद जपा

सुधारणा होईल तेव्हा होईल. तोवर ज्या घरांत परदेशी सून वा जावई आहे, त्यांनी काही गोष्टी आजच कराव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे लग्नाची नोंद. विहारात मंगल परिणय झाला, फोटो निघाले, जेवणावळ झाली, एवढ्यावर सरकारी कचेरीत भागत नाही. जोडीदार परदेशी आणि अन्य धर्माचा असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावे. त्यासाठी तीस दिवसांची नोटीस लागते. आधी अन्य रीतीने लग्न झाले असेल तर तेही याच कायद्याच्या १५ व्या कलमाखाली नोंदवता येते. परदेशात लग्न करणाऱ्यांसाठी १९६९ चा परदेशी विवाह कायदा आहे. तेथल्या भारतीय वकिलातीत चौकशी करावी.

दुसरी गोष्ट ओसीआय कार्डाची. लग्न नोंदलेले असून दोन वर्षे अखंड टिकलेले असले म्हणजे परदेशी जोडीदाराला अर्ज करता येतो. 'व्हिसा तर आहे, घाई काय' असे म्हणून बसू नये. मे २०२० मध्ये कार्डवाले आधी आत आले, व्हिसावाले मागे राहिले, हे विसरू नका. मात्र घटस्फोट झाला तर लग्नाच्या आधारे मिळालेले कार्ड रद्द होऊ शकते, हेही सुनेला आधीच सांगावे.

तिसरी गोष्ट नागरिकत्वाची. भारतीयाशी लग्न करून सात वर्षे येथे राहिलेल्या व्यक्तीला १९५५ च्या कायद्याखाली नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. येथले घेतले की माहेरचे सोडावे लागते. उद्या आई आजारी पडली तर तिला स्वतःच्या मायदेशी व्हिसा मागून जावे लागेल. हा निर्णय सर्वस्वी तिचा. सासरच्यांनी आग्रह धरू नये.

चौथी गोष्ट मुलांची. मूल परदेशात जन्मले आणि त्याला भारतीय नागरिक ठेवायचे असेल, तर वर्षाच्या आत तेथल्या भारतीय वकिलातीत नोंद करावी आणि दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेऊ नये. तिकडचा पासपोर्ट घेतला असेल तर ओसीआय कार्ड वेळीच काढावे. लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि घराच्या पत्त्याचा पुरावा यांच्या प्रती नवऱ्याजवळ एक आणि बायकोजवळ एक असाव्यात. माहेरी जातानाही त्या बरोबर न्याव्यात.

आपल्या समाजाला कागदाचे मोल नवे नाही. शाळेचा दाखला, जातीचा दाखला, जमिनीचा उतारा यांसाठी आपल्या मागच्या पिढीने किती उंबरे झिजवले ते आपण जाणतो. आता त्या पुडक्यात लग्नाच्या दाखल्याचीही भर घाला.

आणि सासूबाईंनो, तुमची परदेशी सून माहेरी निघाली तर तिची पिशवी आनंदाने भरा. फक्त निघण्यापूर्वी एकदा विचारा, "बाई, परत येण्याचे कागद घेतलेस ना?"