ऐकून उचललेली गाणी

आठवडाभर नोकरी करायची आणि शनिवारी रात्री एखाद्या बारमधल्या छोट्या मंचावर उभं राहून 1960च्या दशकातली गॅरेज रॉकची गाणी वाजवायची, असं करणारे हौशी बँड अमेरिकेत आणि युरोपात ठिकठिकाणी आहेत. त्यांची स्वतःची गाणी सहसा नसतात, रेकॉर्ड निघत नाही, वर्तमानपत्रात परीक्षण येत नाही. रॉकच्या जगात कव्हर बँडला तसाही फारसा मान नाही. दुसऱ्याचं वाजवतात, म्हणजे स्वतःचं सांगण्यासारखं काही नसणार, असं धरून चाललं जातं. रॉकच्या इतर प्रकारांबाबत या आक्षेपात थोडंफार तथ्य असेलही. गॅरेज रॉकच्या बाबतीत तो मुळातच चुकतो, कारण हे संगीत घडलंच कव्हर बँडांच्या हातून. जुनी गॅरेज गाणी वाजवणारा गावातला बँड ती परंपरा जशी पूर्वी चालत होती तशीच आज चालवतो आहे, असं माझं म्हणणं आहे.

त्या काळात ही परंपरा कशी चालत होती, हे आधी पाहायला हवं. 1960च्या आसपास अमेरिकेत इलेक्ट्रिक गिटार मध्यमवर्गीय आणि कामगार घरांतल्या मुलांच्या आवाक्यात आली. सीअर्स या दुकानाच्या कॅटलॉगमध्ये सिल्व्हरटोन नावाची एक स्वस्त गिटार मिळे. तिच्या पेटीतच ॲम्प्लिफायर बसवलेला असे. 9 फेब्रुवारी 1964 रोजी एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात बीटल्स झळकले, सुमारे 7.3 कोटी लोकांनी त्यांना पाहिलं, आणि गावोगावी मुलांचे बँड उभे राहिले. घराच्या तळघरात किंवा गाडी ठेवायच्या गॅरेजमध्ये तालीम व्हायची. कार्यक्रम व्हायचे ते शाळेच्या नाचात, स्केटिंगच्या हॉलमध्ये, नॅशनल गार्डच्या इमारतींत. समोरची मुलं नाचायला आलेली असत आणि त्यांना ओळखीची गाणी हवी असत. त्यामुळे प्रत्येक बँड मुख्यतः दुसऱ्यांचीच गाणी वाजवी. जमलं तर गावातल्याच एखाद्या छोट्या कंपनीकडून एक रेकॉर्ड काढायची आणि परिसरातल्या रेडिओ केंद्रावर ती लागावी म्हणून धडपडायचं. दशक संपेपर्यंत कुणी कॉलेजात गेलं, कुणाला व्हिएतनामच्या युद्धासाठी लष्कराचं बोलावणं आलं, आणि बहुतेक बँड विरले. लेनी के या समीक्षकाने 1972मध्ये इलेक्ट्रा कंपनीसाठी अशी 27 गाणी ‘नगेट्स’ या जोडरेकॉर्डमध्ये एकत्र केली, तेव्हा कुठे या विखुरलेल्या खटाटोपाकडे एक संगीतप्रकार म्हणून पाहिलं जाऊ लागलं.

‘लुई लुई’ या एका गाण्याचा प्रवास पाहिला तरी या संगीताची रीत कळते. लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय गायक-गीतकार रिचर्ड बेरी यांनी 1955च्या सुमारास रिक रिलेरा अँड द रिदम रॉकर्स या नाचाच्या बँडला ‘एल लोको चा चा’ वाजवताना ऐकलं. ती मूळची क्यूबन रचना, रेने तुझे यांच्या वाद्यवृंदामुळे अमेरिकेत पोहोचलेली. तिच्या सुरुवातीचा ठेका बेरींच्या डोक्यात बसला आणि त्यावर त्यांनी गाणं रचलं. ते 1957मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे वायव्य अमेरिकेतल्या टॅकोमा शहरात रॉकिन रॉबिन रॉबर्ट्स या गायकाने द वेलर्स या बँडबरोबर ते अधिक दणदणीत करून गायलं, आणि 1961मध्ये त्याची रेकॉर्ड निघाली. ती रेकॉर्ड ओरेगनच्या सीसाइड गावातल्या एका क्लबच्या ज्यूकबॉक्समध्ये होती आणि मुलं तिच्यावर पुन्हा पुन्हा नाचत होती. तिथे वाजवायला आलेल्या पोर्टलंडच्या किंग्समेन बँडने हे पाहिलं आणि गाणं उचललं. गायक जॅक एली यांनी ऐकताना ठेका थोडा वेगळा धरला आणि बँडला तसाच शिकवला, असं ते स्वतःच पुढे सांगत. 6 एप्रिल 1963 रोजी सुमारे 50 डॉलर खर्चून त्यांनी पोर्टलंडमध्ये ते रेकॉर्ड केलं. त्याच महिन्यात, त्याच स्टुडिओत, पॉल रिव्हिअर अँड द रेडर्स या दुसऱ्या स्थानिक बँडनेही तेच गाणं रेकॉर्ड केलं. आज जग ज्या रूपात हे गाणं ओळखतं, ते किंग्समेनचं, म्हणजे एका कव्हरवरून कानाने उचललेलं आणि उचलताना थोडं बदललेलं कव्हर आहे. एलींचे शब्द इतके अस्पष्ट होते की त्यांत अश्लील काही आहे का, याची एफबीआयने चौकशी केली. रेकॉर्ड वेगवेगळ्या गतींनी लावून पाहिली, तरी शब्द लागले नाहीत. मूळ गाण्यात एक खलाशी बारवाल्याला आपल्या दूर राहिलेल्या प्रेयसीबद्दल सांगतो आहे, एवढंच आहे.

हे एखाद्याच गाण्याचं झालं असंही नाही. टॅकोमाच्याच द सॉनिक्स बँडला पुढे पंक संगीताचे पूर्वज मानलं गेलं. त्यांच्या 1965च्या पहिल्या एलपीवर 12 गाणी आहेत. त्यांतली चार त्यांची स्वतःची आणि आठ इतरांची. त्या आठांत एक रिचर्ड बेरींचं आहे, एक शेजारच्या वेलर्सचं. ‘द विच’, ‘सायको’, ‘स्ट्रिक्निन’ ही त्यांची स्वतःची भेदक गाणी त्या आठांच्या संगतीतच ऐकावी लागतात. नाचाच्या हॉलमध्ये दुसऱ्यांची गाणी रात्रीमागून रात्री ताणून, ओरडून, वेगाने वाजवताना जो आवाज सापडला, त्याच आवाजात त्यांनी स्वतःचं लिहिलं. शिकागोच्या उपनगरातल्या शॅडोज ऑफ नाइट या बँडने उत्तर आयर्लंडच्या देम बँडचं ‘ग्लोरिया’ केलं, तेव्हा रेडिओला खटकणारी एक ओळ बदलली, आणि 1966मध्ये अमेरिकेत त्यांचंच गाणं मोठं गाजलं. ‘वाइल्ड थिंग’ हे चिप टेलरचं गाणं आधी एका अमेरिकन बँडने रेकॉर्ड केलं होतं. लोकांच्या ध्यानात राहिला तो ट्रॉग्ज या इंग्लिश बँडचा 1966चा अवतार. कव्हर वाजवणं हे इथे मूळ निर्मितीच्या खालचं काम कधीच नव्हतं. निर्मिती त्यातूनच होत होती.

यावर एक बळकट आक्षेप घेता येतो. किंग्समेन जे वाजवत होते ते त्यांच्या काळातलं, नुकतंच ऐकलेलं गाणं होतं. आज साठ वर्षांनी तेच वाजवणारा बँड काळाच्या मागे तोंड करून उभा आहे. एक जिवंत व्यवहार होता, दुसरं संग्रहालय आहे. हा धोका खरा आहे आणि काही बँड त्यात अडकतातही. तेव्हाचे कपडे, केसांचे टोप, त्याच सालचा व्हॉक्स किंवा फारफिसा ऑर्गन, आणि मूळ रेकॉर्डमधला प्रत्येक सूर हुबेहूब. किंग्समेनच्या रेकॉर्डमध्ये गिटारचा तुकडा संपल्यावर एली एक क्षण लवकर गायला लागतात, चूक लक्षात येताच थांबतात, आणि ड्रमर लिन ईस्टन मधली जागा झटकन भरून काढतो. ही चूकही जशीच्या तशी वाजवणारे बँड आहेत. श्रोते त्या क्षणाची वाट पाहत असतात, म्हणून ती ठेवली तर माझी तक्रार नाही. पण त्या क्षणात जपण्यासारखं आहे ते ईस्टनचं भान. गायक चुकला तरी बँड थांबला नाही, एकाने दुसऱ्याला सावरून घेतलं आणि गाणं पुढे गेलं. ते भान प्रत्यक्ष वाजवताना, समोर माणसं असतानाच येतं, आणि शनिवारच्या गर्दीत वाजवणाऱ्या आजच्या बँडला ते दर आठवड्याला नव्याने मिळवावं लागतं. शिवाय नवेपणा हीच संगीताची एकमेव कसोटी मानली तर जगातलं बरंचसं संगीत बाद होईल. आपल्याकडे भजनी मंडळाला कुणी विचारत नाही की तुम्ही तुकोबांचेच अभंग का गाता, स्वतःचे का रचत नाही. तिथे गाणं सर्वांना पाठ असतं म्हणूनच मंडळी त्यात शिरू शकतात. ‘लुई लुई’ सुरू झाल्यावर बारमधली अनोळखी माणसं एकदम नाचायला उठतात, तेही ओळखीमुळेच.

दुसरा आक्षेप सोपेपणाचा. तीन कॉर्डची गाणी, त्यात वाजवायचं काय? पण हाताला सोपं असलेलं गाणं उभं करणं सोपं असतंच असं नाही. किंग्समेनच्या ‘लुई लुई’त ए आणि डी या मेजर कॉर्डनंतर ई येतो तो मायनर. नवे बँड हमखास तिथे मेजर वाजवतात, आणि गाणं लगेच ‘वाइल्ड थिंग’सारखं वाटू लागतं; खालचा तो काळसर रंग नाहीसा होतो. आवाजाचंही तसंच आहे. तेव्हाचे ॲम्प्लिफायर लहान होते. ते पूर्ण ताकदीने चालवले की आवाज आपोआप फाटायचा. किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने 1964मध्ये तर स्पीकरचा पडदाच कापला होता. गिटारचा आवाज मुद्दाम फाडणारं मॅस्ट्रो फझ-टोन हे पायाने दाबायचं यंत्र 1962मध्ये बाजारात आलं, पण त्याची खरी चलती झाली ती 1965मध्ये रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’नंतर. सॉनिक्सचं सुरुवातीचं ध्वनिमुद्रण दोन ट्रॅकच्या टेपवर झालं, अख्ख्या ड्रमसंचासाठी एकच माइक लावून. आजच्या मोठ्या, स्वच्छ यंत्रांवर हीच गाणी वाजवली तर ती पोकळ वाटतात. म्हणून जाणते बँड मुद्दाम लहान ॲम्प्लिफायर घेतात. ड्रमरला हात आवरावा लागतो. आलं म्हणून चार जादा ठोके मारले की नाचणाऱ्यांचा पाय चुकतो. गाणी दोन-अडीच मिनिटांची असतात, त्यामुळे पाऊण तासाच्या एका फेरीला अठरा-वीस गाणी लागतात आणि दोन गाण्यांमध्ये सूर लावत बसायला सवड नसते. मला विचाराल तर ही शिस्त लांबलचक गिटार-वादनापेक्षा अवघड आहे, कारण इथे चूक लपवायला जागाच नाही.

माझ्या मते सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे, आणि तो क्वचितच घेतला जातो. या परंपरेत उचलणाऱ्यांना जे मिळालं ते रचणाऱ्यांना मिळालं नाही. सॉनिक्सच्या त्या आठ उसन्या गाण्यांत बॅरेट स्ट्राँग, कॉन्टूर्स, लिटल रिचर्ड, चक बेरी या कृष्णवर्णीय कलावंतांची गाणी आहेत. वाजवणारी मुलं गोरी होती. रिचर्ड बेरींनी लग्नासाठी पैसे हवेत म्हणून ‘लुई लुई’चे हक्क 750 डॉलरना विकून टाकले, आणि काही वर्षांतच ते गाणं देशभर वाजू लागलं. त्यांतले काही हक्क त्यांना परत मिळायला 1980चं दशक उजाडावं लागलं. गॅरेज रॉकची हकीगत उपनगरातल्या गोऱ्या मुलांची म्हणून सांगायची पद्धत आहे, तीही अपुरीच. 1966मध्ये ‘96 टिअर्स’ने अमेरिकेच्या यादीत पहिला क्रमांक गाठला. ते गाणाऱ्या क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्समधली मुलं मिशिगनमध्ये कामासाठी आलेल्या मेक्सिकन कुटुंबांतली होती. मोबदल्याचं म्हणाल तर, कायद्याने कव्हर बँडला गीतकाराची वेगळी परवानगी घ्यावी लागत नाही. अमेरिकेत बारमालक ॲस्कॅप किंवा बीएमआय या संस्थांना वार्षिक शुल्क भरतो आणि गीतकारांचा वाटा तिथून जातो. भारतात असं काम 1969मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस करते. पण छोट्या बारमध्ये कोणती गाणी वाजली याची नेमकी नोंद क्वचितच होते. म्हणून कव्हर बँडवर एक जबाबदारी येते असं मी मानतो. गाणं कुणी रचलं हे मंचावरून सांगावं, किंग्समेनबरोबर बेरींचं नावही घ्यावं. त्याला दहा सेकंद लागतात. ते न करणारा बँड ही परंपरा अर्धीच चालवतो.

गाण्यांच्या आशयाबद्दलही निवड करावी लागते. यांतली बरीच गाणी म्हणजे नाकारल्या गेलेल्या मुलाने मुलीवर काढलेला राग आहे, आणि काहींमधला तो राग आज ऐकवत नाही. अशी गाणी सरळ वगळावीत. काही गाणी बाईने गायली की त्यांचा रोख बदलतो. डेट्रॉइटमध्ये 1964मध्येच सुझी क्वाट्रो आणि तिच्या बहिणींचा प्लेझर सीकर्स हा मुलींचा बँड उभा होता, हे सहसा विसरलं जातं.

या संगीताचा मुंबईशी खरा संबंध आहे आणि तो आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. ‘गुमनाम’ (1965) चित्रपटातल्या ‘जान पहचान हो’ या गाण्यात पडद्यावर दिसणारा टेड लायन्स अँड हिज कब्ज हा मुंबईतला बीट बँड. 2001च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकन चित्रपटात ते गाणं आल्यावर तिथले रॉकवेडे त्याच्या मागे लागले. 1970 आणि 1971मध्ये सिमला या सिगारेटच्या जाहिरातीसाठी झालेल्या सिमला बीट स्पर्धेत देशभरातले बँड उतरले, आणि त्यांच्या दोन एलपी निघाल्या. त्यांवर काही गाणी परदेशी बँडांची आहेत, काही स्वतः रचलेली. शिलाँगचे फेंटोन्स त्यात आहेत. चांगली विजेवरची वाद्यं आयात करणं तेव्हा फार कठीण होतं, त्यामुळे मिळेल ते जोडून वाजवलेल्या त्या रेकॉर्डमध्ये टॅकोमाच्या मुलांचाच खरखरीत जोर ऐकू येतो. पुढे युरोपात त्या पुन्हा प्रसिद्ध झाल्या आणि तिथले गॅरेज रॉकचे संग्राहक त्या आवर्जून घेतात. मुंबई-पुण्यातले हौशी बँड आजही बीटल्स, ईगल्स, डीप पर्पल वाजवतात. त्यांनी सिमला बीटमधली भारतीय बँडांची स्वतःची गाणी कार्यक्रमात घ्यायला काहीच हरकत नाही. तीन-चार कॉर्डची आहेत, दोन-तीन तालमींत बसतील, आणि ती रचणारी पिढी अजून आपल्यात आहे, त्यामुळे कुणाचं नाव घ्यायचं हे विचारूनही घेता येईल.