आग्रह कशाचा, तडजोड कशात?

४ सप्टेंबर १८९३ रोजी स्कॉटलंडमध्ये मुक्कामास असलेल्या २७ वर्षांच्या एका तरुणीने पाच वर्षांच्या मुलाला पत्र लिहिले. नोएल मूर हा तिच्या पूर्वीच्या शिक्षिकेचा मुलगा. तो आजारी होता, अंथरुणात पडून होता. त्याची करमणूक व्हावी म्हणून तिने पत्रात चार सशांची एक गोष्ट सांगितली आणि बाजूला लेखणीने चित्रेही रेखाटली. ती तरुणी म्हणजे पुढे जगभरच्या मुलांची लाडकी झालेली लेखिका बिआट्रिक्स पॉटर, आणि त्यातला खोडकर ससा म्हणजे पीटर रॅबिट.

काही वर्षांनी या गोष्टीचे पुस्तक करावे असे तिच्या मनात आले. नोएलने पत्र जपून ठेवले होते. तिने ते नकलून घेण्यासाठी परत मागवले, गोष्ट वाढवली आणि प्रकाशकांकडे पाठवली. एकामागून एक नकार आले. पुस्तक लहान मुलाच्या चिमुकल्या हातात मावेल एवढे असावे आणि किंमत बेताची असावी, हा तिचा आग्रह होता. प्रकाशकांच्या अपेक्षा निराळ्या होत्या.

तिने ना रुसवा धरला, ना हस्तलिखित पेटीत बंद केले. डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या पैशाने तिने २५० प्रती छापून घेतल्या आणि आप्तेष्टांना दिल्या, विकल्या. शेरलॉक होम्सचे जनक, आणि पेशाने डॉक्टर असलेले आर्थर कॉनन डॉइल यांनीही आपल्या मुलांसाठी एक प्रत घेतली होती. पुढे, आधी नकार देणाऱ्या फ्रेडरिक वॉर्न या प्रकाशन संस्थेनेच पुस्तक स्वीकारले. मात्र चित्रे रंगीत हवीत, अशी अट घातली. सारी चित्रे तिने नव्याने रंगवली. पुस्तकाचा आकार मात्र लहानच राहिला. ऑक्टोबर १९०२ मध्ये ते बाजारात आले.

चिकाटीचे खरे मर्म मला इथे दिसते. कोणती गोष्ट सोडायची नाही आणि कोणती बदलायला हरकत नाही, हे तिला नेमके ठाऊक होते.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ७६ वर्षांच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतो. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, चालण्यास परवानगी मिळाली. पण वॉकर पाहताच ते म्हणाले, "हे घेऊन मी चारचौघांत जाणार नाही." मुलगा रागावे, सून विनवी, घरात रोज वाद होई. मला काळजी वेगळीच होती. या वयात अंथरुणावर पडून राहिले, की थोड्याच दिवसांत स्नायूंची ताकद जाते. शय्याव्रण, पायांत रक्ताची गुठळी, न्यूमोनिया यांचा धोका वाढतो. एके दिवशी मी वॉकरचा विषयच काढला नाही. "काका, सर्वांत जास्त कशाची आठवण येते?" एवढेच विचारले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सकाळच्या कट्ट्याची."

कट्ट्यावरच्या मित्रांनाच मग इमारतीच्या अंगणात बोलावले. पहिल्या दिवशी काका वॉकर घेऊन अवघी दहा पावले चालले. दीड महिन्याने ते काठी टेकत कट्ट्यावर पोहोचले. काठी आजही सुटलेली नाही. पण सकाळ त्यांना परत मिळाली.

ज्येष्ठ वाचकहो, शरीराने एखाद्या गोष्टीला नकार दिला, तर स्वतःला विचारा: मला नेमके काय हवे आहे? ते घट्ट धरा. वॉकर, श्रवणयंत्र, कुणाचा हात, यांबाबत मात्र मन मोकळे ठेवा. शुश्रूषा करणाऱ्यांनो, घरातील वडीलधारी "नको" म्हणाली, तर ती चालायला नको म्हणतात की वॉकरला, हे आधी शांतपणे जाणून घ्या.

उतारवयात पॉटरबाईंची दृष्टी मंदावली, पुस्तके कमी झाली. तोवर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये शेती आणि मेंढीपालनात त्या रमल्या होत्या. २२ डिसेंबर १९४३ रोजी त्या निवर्तल्या, तेव्हा ४,००० एकरांहून अधिक जमीन त्यांनी नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केली.

आपल्या घरीही एखादे नातवंड तापाने अंथरुणात पडले असेल. त्याला एक पत्र लिहा. अक्षर थरथरले तरी चालेल.